तांडेल मॅडमचे चाळीस प्रश्न

तांडेल मॅडमनी वर्गात कधी "समजलं का?" असं विचारलं नाही. आमच्या दोघांच्या वर्गांमध्ये पत्र्याची भिंत होती. पलीकडे त्या अकरावी-बारावीला गणित शिकवायच्या, अलीकडे मी मराठी. सतरा वर्षं मी त्यांचा आवाज त्या पत्र्यातून ऐकला, म्हणून हे खात्रीनं सांगतो.

"समजलं का विचारलं की पोरं 'हो' म्हणतात," त्या एकदा मला म्हणाल्या. "'नाही' म्हणायची सवय या मुलांना कुणी लावलेलीच नाही, सर. त्यापेक्षा खडू द्यायचा हातात आणि आपण बाजूला व्हायचं."

आमचं कनिष्ठ महाविद्यालय म्हणजे चारोटी आणि तलासरीच्या मधल्या एका आश्रमशाळेला मागून जोडलेल्या चार खोल्या. मुलं आसपासच्या पाड्यांवरची. कुणाच्या घरी भाताची दोन खाचरं, कुणाच्या घरी तीही नाहीत. मॅडम मात्र समुद्राच्या बाजूच्या. धाकटी डहाणूच्या कोळीवाड्यातून सकाळी पहिल्या बसनं निघायच्या, डहाणूला गाडी बदलून चारोटीला यायच्या आणि तिथून जीपनं शाळेत. मी कासाला खोली घेऊन राहायचो, त्यामुळे चारोटी नाक्यावर आमची रोज गाठ पडे. ठेंगण्या, काटक, साडीचा पदर कमरेला घट्ट खोचलेला. आवाज असा की नाक्यावरच्या ट्रकच्या गोंगाटातून "सर, या बाजूला!" एवढंच म्हणाल्या तरी चार अनोळखी माणसं वळून बघत. "आमच्याकडे किनाऱ्यावरून होडीतल्या माणसाशी बोलतात," त्या सांगायच्या. "वर्ग म्हणजे काय मोठं!"

डब्यात रोज मासळी. माझ्या भाजीकडे बघून त्या एक बोंबील माझ्या झाकणात टाकायच्या आणि म्हणायच्या, "खा, उद्यापासून व्हा शाकाहारी."

विशेषणांवर त्यांचा विश्वास नव्हता. शिक्षकांच्या खोलीत कुणी म्हणालं, "तो भोयेंचा मुलगा हुशार आहे हां," की लगेच मॅडम मान वर न करता विचारायच्या, "कशात? किती?" मी मराठीचा माणूस, माझा सगळा संसार विशेषणांवर चालायचा. सुरुवातीला मला त्यांचा रागच यायचा. माणूस काय तराजूत घालायची वस्तू आहे? तसं मी एकदा बोललोही. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "सर, डॉक्टर ताप मोजतो तेव्हा तुम्हाला राग येत नाही."

जमना धोडी भेटली त्या सकाळी आम्ही दोघं चारोटी नाक्यावर जीपची वाट बघत उभे होतो. समोर गुजरात हद्दीतल्या कारखान्यांकडे जाणारी कंपनीची बस थांबली होती. निळा ॲप्रन घातलेल्या मुली एकेक करून चढत होत्या. त्यातली एक आम्हाला बघून दुसरीच्या मागे लपायला लागली. मॅडमनी तिला तिथूनच हाक मारली.

"जमना! इकडे ये."

जमना आमच्याकडून बारावी सायन्सला बहात्तर टक्के घेऊन गेली होती. तिचा फोटो फळ्याच्या वर अजून लटकत होता. पालघरच्या बाजूच्या एका कॉलेजात तिला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाल्याचे पेढे आम्ही खाल्ले होते.

"कॉलेज?" मॅडमनी विचारलं.

"सोडलं मॅडम."

"कधी?"

"गणपतीच्या आधीच."

"दोन महिने पण नाही? का गं? कुणी त्रास दिला?"

"नाय, कुणी नाय काय बोललं." जमना ॲप्रनचं टोक बोटाला गुंडाळत होती. "सर लिवायचे नी सगळी पोरं भराभर उतरून घ्यायची. मना काय कळायचंच नाय. ते बोलायचे, हे तर तुम्हाला माहीतच आहे. सगळी मान हलवायची. मग मी पण हलवायची. मग गेलीच नाय एक दिवस."

बसनं हॉर्न दिला. जमना पळाली. शाळेपाशी जीपमधून उतरल्यावर मॅडम म्हणाल्या, "बहात्तर टक्के आपण दिले ना तिला? मग ते बहात्तर टक्के कसले होते, सर?"

हा प्रश्न आम्हा सगळ्यांनाच माहीत होता. आमची मुलं बारावीला पास होत, चांगले मार्क घेत, आणि कॉलेजात गेली की पहिल्या वर्षातच कुठंतरी गळून पडत. कुणी जीआयडीसीच्या कारखान्यात, कुणी चिकूच्या वाडीत, कुणाचं लग्न. आम्ही त्याला परिस्थिती म्हणायचो. परिस्थिती म्हटलं की पुढे काही करावं लागत नाही.

मॅडमनी वेगळंच केलं. त्यांनी जमनाच्या कॉलेजच्या प्राचार्यांना पत्र लिहिलं: मला आपल्या प्रथम वर्षाच्या वर्गात सहा दिवस मागच्या बाकावर बसायचे आहे, कृपया परवानगी मिळावी. प्राचार्यांना गंमत वाटली असावी, परवानगी आली. मॅडमनी रजा टाकली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी अठरा वर्षांच्या पोरांमध्ये वही घेऊन जाऊन बसल्या. परत आल्या त्या वही माझ्यापुढे टाकत.

"यातलं काय लिहून घेतलंय सांगा."

मला वाटलं, गणित असेल. तसं नव्हतं. प्रत्येक तासाला प्राध्यापक किती वेळा "ॲज यू नो" किंवा "हे तुम्हाला माहीतच आहे" म्हणाले, आणि त्यानंतर नेमकं काय म्हणाले, एवढंच त्यांनी टिपलं होतं. आलेख वाचता येतो हे माहीतच आहे. अपूर्णांकाला अपूर्णांकानं भागता येतं हे माहीतच आहे. इंग्रजीतला परिच्छेद वाचून त्यातली मुख्य गोष्ट काढता येते हे माहीतच आहे. बोलणाऱ्याचं बोलणं ऐकता ऐकता त्यातलं कामाचं तेवढं उतरवून घेता येतं, हे तर इतकं माहीत की त्यासाठी "ॲज यू नो" सुद्धा म्हणायची गरज नाही. सहा दिवसांत पावणेदोनशे नोंदी.

"जमनाला बी.एस्सी. जड गेलंच नाही, सर," मॅडम म्हणाल्या. "बी.एस्सी.पर्यंत ती पोचलीच नाही. ती या 'ॲज यू नो'मध्येच बुडाली."

त्या पावणेदोनशे नोंदींतून मॅडमनी चाळीस प्रश्न काढले. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी त्यात गेली. एकेक प्रश्न घेऊन त्या पुन्हा त्या कॉलेजात गेल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे टिकलेल्या मुलांकडून सोडवून घेतला. जो प्रश्न टिकलेल्यांनाही येत नव्हता तो काढून टाकला. जो सगळ्यांनाच डोळे मिटून येत होता, तोही. शेवटी पेपर तयार झाल्यावर टिकलेल्यांपैकी जेमतेम तग धरून असलेल्या मुलांना चाळिसात अठ्ठावीस पडतात असं दिसलं. म्हणून अठ्ठावीसची रेघ. अठ्ठावीसच्या वर असलेला मुलगा कॉलेजात गेला तर वर्गात बसून त्याला निदान ऐकलेलं कळेल, असा त्याचा अर्थ.

"आणि हा पेपर बदलायचा नाही," त्यांनी बजावलं. "दरवर्षी हाच. फुटपट्टी दरवर्षी बदलली तर पोर वाढलं की पट्टी आखडली, कसं कळणार?"

म्हणून पेपर लोखंडी कपाटात, किल्ली त्यांच्या पर्समध्ये. परीक्षेच्या दिवशी नव्वद मिनिटं, सगळ्यांना सारखी. सुरुवातीच्या सूचना कागदावर लिहिलेल्या, त्या तशाच्या तशा वाचायच्या, मधे एक शब्द आपल्या पदरचा घालायचा नाही. पहिल्या वर्षी मी सोबत पर्यवेक्षक होतो. एका मुलानं मला हळूच विचारलं, "सर, 'घटत जाते' म्हणजे कमी होते ना?" मी मान हलवली. एवढंच. मॅडमनी दारातून बघितलं. तास संपल्यावर त्यांनी त्या मुलाचा पेपर वेगळा काढला आणि त्यावर तिरकी रेघ मारून तो बाद केला.

"अहो, एक शब्द तर सांगितला," मी म्हणालो. "पोराला जरा मदत."

"कॉलेजात तुम्ही त्याच्या शेजारी बसणार आहात का?"

मी पेपरांचा गठ्ठा बांधायला घेतला. मग त्याच म्हणाल्या, "मला काय आनंद होतो का रेघ मारताना? पण एकदा का आपण माया करून मोजायला लागलो, की मोजलंच नाही असं होतं."

सेहेचाळीस मुलांच्या वर्गात त्या वर्षी अठ्ठावीसच्या वर दोघं होते. बाकी सगळे आठ, अकरा, चौदा. दहावीला ऐंशी टक्के मिळवलेली मुलगी नवावर. मॅडमनी निकाल भिंतीवर लावला नाही. एकेकाला बोलावून त्याचा पेपर त्याच्यासमोर उलगडला. "हा तुझा निकाल म्हणून घरी सांगू नकोस. तू आज इथं उभी आहेस, एवढंच हा कागद सांगतो. अजून पावणेदोन वर्षं आहेत." दोन दिवसांनी एक बाप आला, दाराबाहेर चपला काढून उभा राहिला. "बाय, पोरगी पास झालीय ना? मग परत कशाला नापास करतां?" मॅडमनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि अर्धा तास समजावलं. तो हो हो म्हणत गेला. त्याला काही पटलं होतं असं मला वाटत नाही.

मग सकाळी प्रार्थनेआधीचा एक तास सुरू झाला. त्यात पुस्तक नाही, धडा नाही. मॅडम दहा मिनिटं कशावरही बोलायच्या: खाडीत भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे का सरकते, चिकूच्या पेटीचं वजन कसं करतात. पोरांनी ऐकता ऐकता लिहायचं. मग वह्या बंद, आणि प्रश्न. इंग्रजी परिच्छेदांसाठी त्यांनी मलाही जुंपलं. "मला इंग्रजी येत नाही," मी म्हणालो. "तेच बरं," त्या म्हणाल्या, "पोरांबरोबर शिका."

पुढच्या वर्षी तोच पेपर, त्याच सूचना. अठ्ठावीसच्या वर नऊ. त्याच्या पुढच्या वर्षी चौदा. मी सतरा वर्षांत मॅडमना इतकं खूश कधी पाहिलं नाही. खूश म्हणजे काय, तर डब्यातले दोन बोंबील माझ्या झाकणात आले.

त्या चौदांत रसिला वरठा होती. डोंगरातल्या एका पाड्यावरून तासभर चालत यायची. पेन चावायची खोड, आणि चूक झाली की खुदकन हसायची. अकरावीत आली तेव्हा चाळिसात अकरा. वर्षअखेर एकोणीस. बारावीच्या शेवटी पस्तीस. आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. मॅडमनी तिचा पेपर तीन वेळा तपासला. मग माझ्यासमोर ठेवून म्हणाल्या, "ही कॉलेजात 'ॲज यू नो' ऐकून हसेल."

"हुशार आहे," मी मुद्दाम म्हणालो.

"पस्तीस आहे," त्या म्हणाल्या, पण हसल्या.

रसिला नाशिककडच्या एका कॉलेजात गेली. मॅडम स्वतः तिला सोडायला गेल्या. परत येताना एसटीत त्यांना झोप लागली, असं त्यांनी मला कौतुकानं सांगितलं. त्यांना गाडीत कधीच झोप लागत नसे.

त्याच वर्षी मॅडमच्या पेपरची गोष्ट वरपर्यंत गेली. आमची संस्था अशा बऱ्याच शाळा चालवायची. पाहुणे आले, चहा झाला, आलेख दाखवले गेले. दोन, नऊ, चौदा हे आकडे सगळ्यांना फार आवडले. आवडले म्हणून ते सगळ्या शाळांना हवे झाले. मॅडमचे चाळीस प्रश्न गुळगुळीत कागदावर छापून आले, वर नाव "महाविद्यालय सज्जता चाचणी", आणि कुठल्या शाळेचे किती टक्के विद्यार्थी सज्ज, याचा दर तिमाहीचा तक्ता. ज्या शाळेचा आकडा खाली, त्या शाळेच्या प्राचार्यांनी वर जाऊन उत्तर द्यायचं.

मॅडमनी बैठकीत हात वर केला होता. "हा पेपर मुलगा कुठं आहे ते बघायला केलाय. शाळेला मार्क द्यायला नाही. तसं केलंत तर तो फुटणार." सगळ्यांनी त्यांची नोंद घेतली. नोंद घेतली असं बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं मी स्वतः वाचलं.

आमचे प्राचार्य राऊत सर वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली आणि रक्तदाब. सप्टेंबरात चाचणी झाली आणि आमच्या शाळेचा निकाल आला: शंभरात शहाण्णव सज्ज. पेपर बदलायचा नव्हता ना. छापील प्रतीचा फोटो निघाला, उत्तरांची यादी निघाली, आणि कुठल्या तरी फोनवरून कुठल्या तरी फोनवर फिरत ती मुलांपर्यंत आली. मुलांनी ती पाढ्यांसारखी पाठ केली. एक ब, दोन ड, तीन अ.

मॅडमना निकाल बघताच संशय आला. त्या दुपारी त्यांनी एका वर्गाचे एकावन्न पेपर टेबलावर पसरले आणि मला बोलावलं.

"तेविसावा प्रश्न बघा."

तो टाकीतल्या पाण्याच्या आलेखाचा प्रश्न होता. उत्तर क. एक सोडून सगळ्यांनी अ लिहिलं होतं.

"छापताना उत्तरसूचीत चूक झालीय," मॅडम म्हणाल्या. "क च्या ऐवजी अ छापलंय. आणि पन्नास पोरांनी तीच चूक केलीय. पन्नासांनी, सर."

"आणि एकावन्नावा?"

त्यांनी एक पेपर पुढे सरकवला. त्यात बरोबर उत्तर होतं. त्या मुलाला चाळिसात तेरा पडले होते. तापानं चार दिवस घरी असल्यानं त्याला यादी मिळाली नव्हती. राऊत सर सकाळीच त्याला शाळेचं नाव खाली आणल्याबद्दल ओरडले होते.

आम्ही दोघं राऊत सरांकडे गेलो. त्यांनी पेपर बघितले, पंखा वाढवला, परत बघितले.

"मॅडम, सगळ्या शाळांत असंच झालंय," ते म्हणाले. "आपण एकट्यानं खरं लिहिलं तर आपण शेवटचे येणार. तुमच्याच पेपरात तुमचीच शाळा शेवटची."

"येऊ दे की."

"तुमचं बरोबर आहे हो. पण मला वर जाऊन बोलायचंय, तुम्हाला नाही."

मॅडमनी वर पत्र लिहिलं. उत्तर आलं की मुद्रणदोष दुरुस्त करण्यात आला आहे. म्हणजे पुढच्या वेळी मुलांनी तेविसाव्याला क पाठ केलं.

महिन्याभरात शाळेच्या फाटकावर फलक लागला. शहाण्णव टक्के सज्ज, त्याखाली हात जोडलेल्या मॅडमचा फोटो. कुठल्या लग्नातला कापून घेतला होता कुणास ठाऊक. मॅडमनी तो काढा म्हणून तीनदा सांगितलं. मग त्या फाटकातून आत येताना मान खाली घालून यायला लागल्या. सकाळच्या तासाला मुलं येईनाशी झाली. एकाला त्यांनी विचारलं तर तो सरळ म्हणाला, "मॅडम, आमच्या सर्टिफिकेटावर सज्ज लिवलंय. परत कशाला?"

पत्र्यापलीकडून खडू खाली ठेवल्याचा आवाज तेवढा मी ऐकला.

तरी त्या पूर्ण खचल्या नव्हत्या. "रसिला आहे," त्या म्हणायच्या. रसिलाचा पस्तीसचा पेपर यादीच्या आधीचा होता, खरा होता. एक जरी मूल टिकलं तरी पेपर खोटा नव्हता, असा त्यांचा हिशेब.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आठवड्यानं कळलं की रसिला गावातच आहे. मॅडम म्हणाल्या, "चला." आम्ही दोघं जीपनं फाट्यापर्यंत आणि पुढे चढण चढून पाड्यावर गेलो. भात कापून झालं होतं. रसिला खळ्यावर आईबरोबर पेंढा रचत होती. आम्हाला बघून ती हसली, नेहमीसारखीच, आणि घरातून खाट आणून अंगणात टाकली.

मॅडम बसल्याच नाहीत. "कळेना झालं का गं?"

"नाय मॅडम! सगळं कळत होतं." रसिला घाईनं म्हणाली, जणू मॅडमना वाईट वाटू नये म्हणून. "गणिताच्या पहिल्या परीक्षेत मी पहिली आले. सर तुमचं नाव विचारत होते. मी सांगितलं."

"मग?"

हळूहळू तिनं सांगितलं. वसतिगृहाची यादी लागायची होती. आज लागेल, उद्या लागेल. तोवर ती एका लांबच्या भावाकडे राहत होती. तो बांधकामावर मजूर, पत्र्याच्या खोलीत सात माणसं. तिथून रोज कॉलेजला. मग ते बांधकाम संपलं आणि ठेकेदारानं सगळ्यांना दुसऱ्या गावी नेलं. रसिलाला मागे राहायला जागा नव्हती. वर्गातल्या एका मुलीच्या खोलीवर आठ दिवस काढले, मग त्या खोलीच्या मालकिणीनं हरकत घेतली. दोन दिवस ती एसटी स्टँडवर बसून होती. तिथं एक माणूस परत परत येऊन शेजारी बसायला लागला, तेव्हा मिळेल ती गाडी पकडून घरी आली.

"मला फोन का नाही केलास?"

"तुम्ही सोडायला आला होतात. तुम्हाला किती आनंद झाला होता."

वसतिगृहाची यादी नंतर लागली. तिचं नाव होतं. ते तिला कळेपर्यंत हजेरी इतकी कमी पडली होती की वर्ष गेल्यात जमा होतं. आणि बापानं तोवर पुढच्या मोसमासाठी तिच्यासकट सगळ्यांचं मजुरीचं काम ठरवून टाकलं होतं.

"पुढल्या वर्षी?" मॅडम म्हणाल्या.

रसिलाच्या आईनं उत्तर दिलं. ती इतका वेळ पेंढ्याआड उभी होती. "बाय, एकदा पोर दोन राती रस्त्यावर बसली. परत नाय धाडायची." आवाजात राग नव्हता.

निघताना रसिला फाट्यापर्यंत पोचवायला आली. वाटेत तिनं मॅडमचा हात धरला आणि म्हणाली, "तुमचा पेपर बरोबर होता मॅडम. खरंच. त्यातलं सगळं आलं होतं तिथं."

जीपमध्ये आम्ही मागच्या बाजूला बसलो होतो. कोंबड्यांची टोपली आमच्या पायाशी होती. मॅडम टोपलीकडे बघत म्हणाल्या, "एक्केचाळिसावा प्रश्न काय घालू, सर? तू झोपशील कुठं? आणि त्याचं उत्तर तिनं कसं तयार करायचं? मी पहाटे तास घेऊन ते शिकवू का?"

मी टोपली पायानं जरा बाजूला सारली.

"जमना कळलं नाही म्हणून परत आली. रसिला सगळं कळून परत आली. मधे मी इतकी वर्षं काय मोजत होते?"

मी म्हणालो, "मॅडम, रसिला अकरावरून पस्तीसवर गेली, ते तर खोटं नाही ना?"

"नाही," त्या म्हणाल्या. "तेच तर. ते खोटं असतं तर बरं झालं असतं."

त्या वर्षानंतर त्यांनी सकाळचा तास बंद केला. लोखंडी कपाटाची किल्ली राऊत सरांच्या टेबलावर ठेवली. वेळेवर येत, पुस्तकातलं शिकवत, वेळेवर जात. कुणी मुलाला हुशार म्हणालं तर "कशात?" असं विचारत नसत. चाचणी चालूच राहिली. आकडा अठ्ठ्याण्णव झाला. फलकावरचा फोटो उन्हानं पांढरा पडत गेला आणि एका पावसाळ्यात फलकच कोसळला. तो परत कुणी लावला नाही, कारण तोवर संस्थेनं दुसरा काहीतरी उपक्रम सुरू केला होता. पुढे मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाच्या समारंभात मला भाषण करायचं होतं. मी भरपूर विशेषणं वापरली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली.

त्यानंतर त्यांना मी एकदाच भेटलो. मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला जून महिन्यात धाकटी डहाणूला गेलो होतो. मॅडम घराच्या ओट्यावर सुपात जवळा, ती बारीक सुकी कोलंबी, निवडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आनंद झाला. पत्रिका हातात घेऊन बाजूला ठेवली, चहा सांगितला, माझ्या मुलीची चौकशी केली. शाळेचा विषय दोघांनीही काढला नाही.

तेवढ्यात शेजारची एक बाई आपल्या मुलीला घेऊन आली. हातात पेढ्यांचा पुडा. मुलगी बारावी पास झाली होती. तिनं वाकून नमस्कार केला आणि मार्कांचा कागद मॅडमच्या हातात दिला.

"मावशी, तुम्ही एवढ्या मुलांना शिकवलंय," बाई म्हणाली. "तुम्हीच सांगा. पाठवू का हिला कॉलेजला? जमेल ना?"

मुलगी श्वास रोखून उभी होती. मॅडमनी कागद दोन्ही हातांत धरला. वरपासून खालपर्यंत त्यांची नजर फिरली. मी त्यांच्याकडे बघत राहिलो.

"छान आहेत मार्क," त्या म्हणाल्या. "पाठव. जमेल."

मुलीचा चेहरा फुलला. आईनं डोळे पुसले. पेढा मॅडमच्या तोंडात, एक माझ्या हातात, आणि दोघी पुढच्या घराकडे गेल्या. मुलगी जवळजवळ उड्या मारत चालली होती.

मला राहवलं नाही. "मॅडम, खरंच चांगले होते मार्क?"

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर ओढलं आणि जवळ्यातली काडी शोधायला लागल्या.

"मी वाचलेच नाहीत, सर," त्या म्हणाल्या. "चष्मा आत राहिलाय."